इंग्रजीतली काउंटेबल-अनकाउंटेबल नामं: मराठी माणूस नेमका कुठे चुकतो आणि ते कसं टाळायचं

'पाणी मोजता येत नाही, पेन मोजता येतं' एवढं सांगून शाळेत हा धडा संपतो. यात खोटं काही नाही, पण उपयोगही फारसा नाही. पाणी आणि दूध यांचं अनेकवचन करून ठेवणारा मराठी विद्यार्थी क्वचितच भेटतो. तो लिहितो 'मेनी ॲडव्हायसेस', 'ऑल द इन्फर्मेशन्स', 'टू फर्निचर्स', 'हर हेअर्स आर लाँग'. चुका होतात त्या ठरावीक शब्दांतच, आणि यातले बहुतेक शब्द मराठीत आपण बिनदिक्कत अनेकवचनात वापरतो: सल्ले, बातम्या, पुरावे, दागिने, केस, पैसे. जिथे मराठी मोजते आणि इंग्रजी मोजत नाही, असे रोजच्या वापरातले शब्द तीस-चाळीसच्या घरात आहेत. नियमांची पोपटपंची करण्यापेक्षा हे शब्द पक्के करणं जास्त फायद्याचं, म्हणून या लेखाचा भर त्यांच्यावरच आहे.

चुकीचं मूळ कुठे आहे

मराठीत 'किती' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो: किती माणसं, किती साखर. 'खूप' आणि 'थोडं' यांचंही तसंच. लिंग-वचनाप्रमाणे 'थोडा, थोडी, थोडे' असा बदल होतो, पण वस्तू मोजण्याजोगी आहे की नाही, याची दखल हे शब्द घेत नाहीत. इंग्रजीत मात्र इथे दोन वाटा फुटतात: 'हाउ मेनी पीपल' पण 'हाउ मच शुगर'.

तरीही हा फरक आपल्याला अगदीच परका नाही. 'अनेक' हा शब्द वापरून बघा. 'अनेक माणसं', 'अनेक पुस्तकं' बरोबर वाटतं; 'अनेक पाणी', 'अनेक साखर' लगेच खटकतं. म्हणजे कान तयार आहे. घोटाळा होतो तो 'अनेक सल्ले', 'अनेक पुरावे', 'अनेक दागिने' यांच्यापाशी. ही मराठी शंभर टक्के शुद्ध आहे, आणि तीच इंग्रजीत उतरवली की वाक्य चुकतं. म्हणून मराठी कानावर पाणी, तेल, वाळू, दूध यांच्यापुरता भरवसा ठेवा. सल्ला, बातमी, काम, सामान, केस यांच्यापाशी थांबून विचार करा.

दुसरं कारण अगदी वेगळं आहे. मराठीत दगड, कागद, केस, खडू अशी कितीतरी पुल्लिंगी नामं दोन्ही वचनांत सारखीच राहतात: एक दगड, दहा दगड. त्या सवयीने इंग्रजीत 'टेन स्टोन', 'मेनी स्टुडंट' असं लिहिलं जातं, म्हणजे जिथे 'एस' हवा तिथेच तो गळतो. एकाच वहीत 'मेनी स्टुडंट' आणि 'मेनी इन्फर्मेशन्स' शेजारी शेजारी दिसतात, ते यामुळेच.

वाक्य लिहिताना क्रम कसा ठेवायचा

पहिली पायरी अर्थाची. कोणताही शब्द कायमचा एकाच गटात बसलेला असतो असं समजू नका. 'पेपर' म्हणजे कागद असेल तर तो अनकाउंटेबल, वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका असेल तर काउंटेबल. म्हणून या वाक्यात तो शब्द कोणत्या अर्थाने आला आहे, हे आधी ठरवा.

दुसरी पायरी: शब्दाच्या अगदी शेजारी 'टू' ठेवून बघा. 'टू चेअर्स' जमतं, 'टू फर्निचर्स' जमत नाही. एवढ्याने उलगडा झाला नाही तर पुढची यादी किंवा शब्दकोश पाहा. मराठी भाषांतरावरून ठरवू नका.

तिसरी पायरी शब्दाच्या आधी काय येतं त्याची. काउंटेबल नाम एकवचनात असेल तर त्याला एकटं सोडता येत नाही. त्याच्या आधी 'अ', 'ॲन', 'द', 'माय', 'धिस', 'एव्हरी' असं काहीतरी हवंच. 'मी पुस्तक घेतलं' हे मराठीत पूर्ण वाक्य आहे, पण 'आय बॉट बुक' अपुरं आहे. 'आय बॉट अ बुक' म्हणावं लागतं. अनकाउंटेबल नामाच्या बाबतीत उलट आहे. त्याला 'अ' किंवा 'ॲन' चालत नाही आणि ते एकटं खुशाल उभं राहतं: 'आय बॉट शुगर'. 'द' मात्र दोघांनाही चालतो, पण बोलणं ठरावीक वस्तूबद्दल असेल तरच. 'वॉटर इज लाइफ' हे सर्वसाधारण विधान, म्हणून तिथे 'द' नाही. 'द वॉटर इन धिस टँक इज डर्टी' यात विशिष्ट टाकीतलं पाणी आहे, म्हणून 'द' आला.

चौथी पायरी क्रियापदाची. अनकाउंटेबल नामाला नेहमी एकवचनी क्रियापद लागतं: 'द फर्निचर इज न्यू', 'द लगेज वॉज हेवी'. मराठीत आपण 'पैसे आहेत', 'केस लांब आहेत' म्हणतो, पण इंग्रजीत 'द मनी इज', 'हर हेअर इज लाँग'.

पाचवी पायरी बरेच जण विसरतात, ती सर्वनामाची. 'आय गॉट द इन्फर्मेशन अँड आय सेंट देम टु हिम' यात 'इन्फर्मेशन' बरोबर लिहिलं, पण 'देम'ने घात केला. तिथे 'इट' हवं. 'धीज' आणि 'दोज' यांचंही तसंच: 'धिस इन्फर्मेशन', 'दॅट इक्विपमेंट'.

मराठीत मोजतो, इंग्रजीत मोजत नाहीत

हा सगळ्यात कामाचा भाग. शब्द वर्णानुक्रमे पाठ करू नका. कुठे लागतात त्याप्रमाणे लक्षात ठेवा.

ऑफिसात: ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फीडबॅक, वर्क, इक्विपमेंट, सॉफ्टवेअर, हार्डवेअर, मशिनरी, स्टेशनरी, ट्रेनिंग, परमिशन, प्रोग्रेस. यातल्या पहिल्या शब्दाचं स्पेलिंगही सांभाळा. सल्ला या अर्थाचं नाम 'सी'ने लिहितात आणि शेवटी 'स' उच्चारतात. सल्ला देणे हे क्रियापद 'एस'ने लिहितात आणि उच्चार 'झ'कडे झुकतो.

हा ईमेल पाहा. असे ईमेल रोज पाठवले जातात:

'थँक यू फॉर युअर व्हॅल्युएबल ॲडव्हायसेस. प्लीज सेंड मी द इन्फर्मेशन्स अबाउट द ट्रेनिंग्ज अँड द लिस्ट ऑफ इक्विपमेंट्स. इफ देअर आर एनी फीडबॅक्स, आय विल फिनिश द वर्क्स बाय फ्रायडे.'

यात सहा नामं चुकली आहेत आणि एक क्रियापद. दुरुस्त करून:

'थँक यू फॉर युअर व्हॅल्युएबल ॲडव्हाइस. प्लीज सेंड मी द इन्फर्मेशन अबाउट द ट्रेनिंग सेशन्स अँड द लिस्ट ऑफ इक्विपमेंट. इफ देअर इज एनी फीडबॅक, आय विल फिनिश द वर्क बाय फ्रायडे.'

'ट्रेनिंग'ला अनेकवचन न देता 'सेशन्स' हा मोजता येणारा शब्द शेजारी आणला, ही युक्ती ध्यानात ठेवा. 'ट्रेनिंग्ज' हल्ली ऑफिसांत सर्रास ऐकू येतं, पण परीक्षेत आणि नीटनेटक्या लेखनात ते टाळलेलं बरं. 'लिस्ट ऑफ'च्या पुढे अनेकवचनच यायला हवं, असाही एक समज आहे. यादीत पंचवीस उपकरणं असली तरी 'लिस्ट ऑफ इक्विपमेंट' हेच बरोबर.

घरात आणि बाजारात: फर्निचर, लगेज, बॅगेज, मनी, ज्वेलरी, क्लोदिंग, ब्रेड, सोप, हेअर, रबिश. दुकानांच्या पाट्यांवर 'फर्निचर्स' आणि 'स्टेशनरीज' वाचून वाचून डोळ्यांना तेच बरोबर वाटू लागतं. पाटीवरचं 'ज्वेलर्स' मात्र बरोबर आहे, कारण ज्वेलर म्हणजे सराफ आणि सराफ मोजता येतात. ज्वेलरी म्हणजे दागिने, ते इंग्रजीत मोजत नाहीत. 'फॅब्रिकेशन वर्क्स', 'इंजिनिअरिंग वर्क्स' या पाट्याही बरोबर आहेत. तिथे 'वर्क्स'चा अर्थ कारखाना असा आहे. त्या पाटीवरून 'आय हॅव टू वर्क्स टुडे' असं मात्र लिहू नका. 'आज मला दोन कामं आहेत' याला 'आय हॅव टू थिंग्ज टु डू टुडे' हे साधं इंग्रजी आहे.

पैशांचं गणित वरवर उलटं दिसतं. रुपया मोजता येतो, नोट आणि नाणंही मोजता येतं, पण 'मनी' मोजत नाहीत. म्हणून 'हाउ मेनी रुपीज' आणि 'हाउ मच मनी'. त्यातही, ठरावीक रक्कम एकत्र धरली की क्रियापद एकवचनी येतं: 'टेन थाउजंड रुपीज इज अ लॉट ऑफ मनी'. अंतर, वजन आणि वेळ यांनाही हेच लागू: 'फाइव्ह किलोमीटर्स इज टू फार टु वॉक'.

शाळा-कॉलेजात: होमवर्क, नॉलेज, रिसर्च, एव्हिडन्स, पोएट्री, ग्रामर, स्लँग. प्रबंध लिहिणाऱ्यांच्या हातून 'मेनी रिसर्चेस' फार वेळा पडतं. तिथे 'मेनी स्टडीज' किंवा 'मच रिसर्च' लिहा.

घराबाहेर: ट्रॅफिक, वेदर, सीनरी, ट्रॅव्हल, ॲकोमोडेशन, थंडर, लाइटनिंग. 'ॲकोमोडेशन' ब्रिटिश पद्धतीत अनकाउंटेबल आहे, अमेरिकेत त्याचं अनेकवचन चालतं. आपल्या परीक्षांसाठी ब्रिटिश पद्धत धरा. 'वेदर'च्या आधी 'अ' घालण्याची सवय फार चिवट आहे. 'व्हॉट अ नाइस वेदर' चुकीचं. 'व्हॉट नाइस वेदर' किंवा 'व्हॉट अ नाइस डे' बरोबर.

आता अपवाद. काही भाववाचक नामांच्या आधी विशेषण आलं की 'अ' चालतो: 'अ गुड नॉलेज ऑफ इंग्लिश', 'अ गुड एज्युकेशन', 'अ ग्रेट हेल्प'. अनेकवचन तरीही होत नाही. आणि ही सवलत ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, वेदर, प्रोग्रेस यांना नाही: 'अ गुड ॲडव्हाइस' चूकच.

उलटी बाजू

काही ठिकाणी आपण ढोबळपणे बोलतो आणि इंग्रजी मोजते. 'भाजी आणली' याला 'आय बॉट व्हेजिटेबल्स'. 'मटार महाग झालाय' याला 'पीज आर एक्स्पेन्सिव्ह'. मसूर म्हणजे 'लेंटिल्स', तोही अनेकवचनी. धान्यांत तर तर्क शोधूच नये: गहू, म्हणजे 'व्हीट', अनकाउंटेबल आहे आणि 'ओट्स' अनेकवचनी. दाण्याचा आकार पाहून ठरवायला गेलात तर फसाल.

पोलिसांचं तसंच. मराठीत 'एक पोलीस आला' म्हणता येतं. इंग्रजीत 'पोलीस' हे नाम नेहमी अनेकवचनी, म्हणून 'अ पोलीस' चूक. 'अ पोलीस ऑफिसर' किंवा 'अ पोलीसमन' म्हणा. क्रियापद 'हॅव', 'आर', 'वेअर': 'द पोलीस हॅव कम'. 'पीपल' आणि 'कॅटल' याच जातीचे. 'टेन पीपल वेअर' बरोबर, 'वन पीपल' नाही, तिथे 'वन पर्सन'.

मोजायचंच असेल तर

अनकाउंटेबल वस्तू मोजायचे दोन मार्ग आहेत.

पहिला, आधी एक मोजमाप ठेवायचं. 'अ पीस ऑफ' हा सर्वांत कामसू: ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, न्यूज, फर्निचर, इक्विपमेंट, एव्हिडन्स, ज्वेलरी, लगेज, रिसर्च या सगळ्यांना तो चालतो. पण काही शब्दांची स्वतःची मापं आहेत आणि तीच वापरली की इंग्रजी इंग्रजीसारखी वाटते. पाव अख्खा असेल तर 'अ लोफ ऑफ ब्रेड', त्याचा काप 'अ स्लाइस ऑफ ब्रेड'. साबणाची वडी 'अ बार ऑफ सोप'. कागदाचा ताव 'अ शीट ऑफ पेपर'. तांदळाचा दाणा 'अ ग्रेन ऑफ राइस', गवताची काडी 'अ ब्लेड ऑफ ग्रास', विजेचा लखलखाट 'अ फ्लॅश ऑफ लाइटनिंग', ढगांचा गडगडाट 'अ क्लॅप ऑफ थंडर', वाऱ्याचा झोत 'अ गस्ट ऑफ विंड', नशिबाने दिलेला हात 'अ स्ट्रोक ऑफ लक', टाळ्यांचा कडकडाट 'अ राउंड ऑफ अप्लॉज'.

इथे होणारी चूक एकच, पण ठरलेली: अनेकवचन भलत्या जागी लागतं. ते मापाला लागतं, वस्तूला लागत नाही. 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस', 'थ्री बार्स ऑफ सोप'. क्रियापदही मापाप्रमाणे: 'टू पीसेस ऑफ फर्निचर आर ब्रोकन'. 'वन ऑफ द फर्निचर' आणि 'एव्हरी फर्निचर' हेही याच कारणाने चुकतात; 'वन ऑफ द पीसेस ऑफ फर्निचर', 'एव्हरी पीस ऑफ फर्निचर' म्हणावं लागेल, किंवा सरळ 'ऑल द फर्निचर'.

दुसरा मार्ग जास्त सोपा आहे आणि बोलताना तोच वापरावा: त्याच अर्थाचा मोजता येणारा शब्द घ्यायचा. वर्कऐवजी जॉब किंवा टास्क, ट्रॅव्हलऐवजी ट्रिप किंवा जर्नी, लगेजऐवजी बॅग किंवा सूटकेस, ॲडव्हाइसऐवजी सजेशन किंवा टिप, पोएट्रीऐवजी पोएम, मशिनरीऐवजी मशीन, सीनरीऐवजी व्ह्यू, ट्रॅफिकऐवजी व्हेइकल, होमवर्कऐवजी असाइनमेंट, एव्हिडन्सऐवजी क्लू. 'पीसेस ऑफ लगेज' विमानतळावरच्या सूचनेत शोभतं. घरी 'थ्री बॅग्ज' पुरे.

मेनी-मच, फ्यू-लिटल आणि मंडळी

काउंटेबल अनेकवचनासोबत: मेनी, फ्यू, अ फ्यू, फ्यूअर, सेव्हरल, अ नंबर ऑफ. अनकाउंटेबलसोबत: मच, लिटल, अ लिटल, लेस, अ ग्रेट डील ऑफ, ॲन अमाउंट ऑफ. दोघांनाही चालणारे: सम, एनी, नो, ऑल, मोस्ट, मोअर, अ लॉट ऑफ, प्लेंटी ऑफ. शंका आली की या शेवटच्या गटात आसरा घ्या. 'अ लॉट ऑफ' कधीच दगा देत नाही, फक्त क्रियापद पुढच्या नामाकडे बघून लावा: 'अ लॉट ऑफ वॉटर इज', 'अ लॉट ऑफ बुक्स आर'. 'हाफ ऑफ', 'मोस्ट ऑफ', 'सम ऑफ' यांचंही तसंच.

'मच' होकारार्थी वाक्यात अवघडलेलं वाटतं. 'आय हॅव मच मनी' व्याकरणात बसेल, पण असं कोणी बोलत नाही. नकारात आणि प्रश्नात ते मोकळेपणाने वापरा: 'आय डोन्ट हॅव मच मनी', 'हाउ मच टाइम'.

'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांतला फरक मराठीतल्या एका 'च'एवढा आहे. 'आय हॅव अ लिटल मनी' म्हणजे थोडे पैसे आहेत, काम भागेल. 'आय हॅव लिटल मनी' म्हणजे थोडेच आहेत, कठीण आहे. 'अ फ्यू फ्रेंड्स केम' यात काही मित्र आले याचं समाधान आहे. 'फ्यू फ्रेंड्स केम' यात फारसं कोणी आलंच नाही ही खंत. भाषांतर करताना 'थोडे' दिसलं की आधी मनात 'च' लावून पाहा. 'थोडेच' बसत असेल तर 'अ' काढा.

'फ्यूअर' आणि 'लेस'मध्ये गोंधळ होतो. 'फ्यूअर मिस्टेक्स', पण 'लेस शुगर'. मात्र रक्कम, अंतर, वजन, वेळ एकत्र धरली असेल तर आकडा असूनही 'लेस': 'लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज'.

आणखी एक जोडी परीक्षेत हमखास येते. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर ॲबसेंट', म्हणजे बरेच विद्यार्थी गैरहजर, क्रियापद अनेकवचनी. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज स्मॉल', म्हणजे संख्या लहान, क्रियापद एकवचनी.

दोन्ही गटांत बसणारे शब्द

इथे अर्थ बदलतो, म्हणून पहिली पायरी कधीही वगळू नये.

'हेअर' डोक्यावरचे सगळे केस या अर्थाने अनकाउंटेबल. सुटा केस दाखवायचा असेल तर काउंटेबल. 'शी हॅज टू ग्रे हेअर्स' म्हणजे तिचे दोनच केस पिकलेत. 'ग्लास' म्हणजे काच, 'अ ग्लास' म्हणजे पेला, 'ग्लासेस' म्हणजे पेले किंवा चष्मा. 'आयर्न' म्हणजे लोखंड, 'ॲन आयर्न' म्हणजे इस्त्री. 'रूम' म्हणजे जागा, 'अ रूम' म्हणजे खोली. 'टाइम' म्हणजे वेळ, 'थ्री टाइम्स' म्हणजे तीन वेळा. 'एक्स्पीरियन्स' म्हणजे कामाचा अनुभव, 'ॲन एक्स्पीरियन्स' म्हणजे आयुष्यातला एखादा प्रसंग. म्हणून नोकरीच्या अर्जात 'फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स' लिहायचं, 'एक्स्पीरियन्सेस' नाही. 'डॅमेज' म्हणजे नुकसान, पण कोर्टाच्या भाषेत 'डॅमेजेस' म्हणजे नुकसानभरपाई. पुरात घराचं झालेलं नुकसान सांगताना 'डॅमेजेस' लिहिलं तर अर्थच फिरतो.

खाद्यपदार्थांत अख्खी वस्तू काउंटेबल आणि त्यातला भाग अनकाउंटेबल होतो: 'अ चिकन' म्हणजे जिवंत किंवा अख्खी कोंबडी, 'चिकन' म्हणजे ताटातलं मांस. 'आय एट अ चिकन' म्हणालात तर ऐकणारा चकित होईल. उलट, हॉटेलात 'टू कॉफीज' मागता येतात, कारण तिथे कप गृहीत असतो. प्रकार सांगताना द्रव्यवाचक नामालाही अनेकवचन मिळतं: 'डिफरंट ऑइल्स' म्हणजे तेलांचे वेगवेगळे प्रकार.

हे सगळं एकत्र पाहायचं असेल तर कांदेपोह्यांचं साहित्य इंग्रजीत लिहून बघा. 'टू कप्स ऑफ पोहा, वन अनियन, टू ग्रीन चिलीज, अ हँडफुल ऑफ पीनट्स, अ फ्यू करी लीव्ह्ज, हाफ अ टीस्पून ऑफ मस्टर्ड सीड्स, अ पिंच ऑफ टर्मरिक, टू टेबलस्पून्स ऑफ ऑइल, अ लिटल कोरिअँडर, सम सॉल्ट.' मराठीत 'पोहे' अनेकवचनी, पण इंग्रजीत 'पोहा' एकवचनी. म्हणून 'द पोहा इज रेडी'. कढीपत्त्याची पानं म्हटलं की 'अ फ्यू', कोथिंबीर म्हटलं की 'अ लिटल'. कोथिंबिरीची पानं असं लिहिलंत तर तिथेही 'अ फ्यू कोरिअँडर लीव्ह्ज' होईल. आणि तोच कांदा चिरला की 'वन अनियन'चा 'सम चॉप्ड अनियन' होतो.

दिसायला फसवे

'न्यूज', 'मॅथेमॅटिक्स', 'फिजिक्स', 'इकॉनॉमिक्स', 'मीझल्स' यांच्या शेवटी 'एस' आहे, तरी क्रियापद एकवचनी: 'द न्यूज इज गुड'. 'अ न्यूज' मात्र होत नाही.

कात्री, पक्कड, सांडशी, चष्मा, पॅन्ट अशा दोन पात्यांच्या किंवा दोन पायांच्या वस्तू आपण एक म्हणून मोजतो. इंग्रजीत 'सिझर्स', 'प्लायर्स', 'टाँग्ज', 'ग्लासेस', 'ट्राउझर्स' कायम अनेकवचनी: 'द सिझर्स आर ऑन द टेबल'. एकच सांगायची तर 'अ पेअर ऑफ सिझर्स'. 'क्लोद्स' हेही अनेकवचनीच, पण त्याच्या आधी आकडा चालत नाही. 'टू क्लोद्स'ऐवजी 'टू शर्ट्स' असं नेमकं सांगा किंवा 'टू आयटम्स ऑफ क्लोदिंग' म्हणा.

'शीप', 'डीअर', 'एअरक्राफ्ट', 'सीरिज', 'स्पीशीज' दोन्ही वचनांत सारखेच. हे आपल्या दगडासारखे, त्यामुळे जड जात नाहीत. 'डेटा' एकवचनी आणि अनेकवचनी दोन्ही वापरतात. शास्त्रीय लेखनात 'डेटा आर' दिसेल, रोजच्या वापरात 'डेटा इज'. 'क्रायटेरिया' मात्र अनेकवचनीच, एक निकष असेल तर 'क्रायटेरियन'.

शब्दकोशात काय पाहायचं

इंग्रजी-मराठी शब्दकोश इथे फारसा उपयोगी नाही. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा, इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी असलेला शब्दकोश घ्या. दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. नामाच्या पुढे 'सी' म्हणजे काउंटेबल आणि 'यू' म्हणजे अनकाउंटेबल अशी खूण असते. ही खूण शब्दाला एकदाच दिलेली नसते. अर्थ बदलला की खूणही बदलू शकते. त्यामुळे पहिलीच खूण पाहून पान बंद करू नका, आपला अर्थ सापडेपर्यंत खाली उतरा आणि तिथलं उदाहरण वाचा.

सराव

आधी स्वतः ठरवा, मग उत्तर पाहा. काही वाक्यं मुद्दाम बरोबर दिली आहेत.

1. 'द सीनरीज ऑफ कोकण आर ब्यूटिफुल.' चूक. 'द सीनरी ऑफ कोकण इज ब्यूटिफुल.' नाम सुधारून क्रियापद तसंच ठेवलं तर गुण जातो.

2. 'देअर इज नो रूम इन द कार.' बरोबर. इथे रूम म्हणजे जागा.

3. 'हाउ मेनी लगेज डू यू हॅव?' चूक. 'हाउ मच लगेज' किंवा 'हाउ मेनी बॅग्ज'.

4. 'शी हॅज फ्यू वर्क टुडे.' चूक. 'शी हॅज लिटल वर्क टुडे'. बोलताना 'शी डझन्ट हॅव मच वर्क टुडे' जास्त सहज.

5. 'आय फाउंड अ हेअर इन माय फूड.' बरोबर. सुटा एक केस आहे.

6. 'ही गेव्ह मी टू गुड न्यूज.' चूक. 'टू पीसेस ऑफ गुड न्यूज'.

7. 'द पोलीस हॅज अरेस्टेड टू पीपल.' 'हॅज'च्या जागी 'हॅव' हवं. 'टू पीपल' बरोबर आहे.

8. 'वी हॅव लेस स्टुडंट्स धिस इयर, सो देअर इज लेस नॉइज.' पहिल्या भागात 'फ्यूअर स्टुडंट्स' हवं. दुसऱ्या भागातलं 'लेस नॉइज' तसंच राहू द्या. आवाज मोजलेला नाही, त्याचं प्रमाण सांगितलंय.